पहिले छोटे रिव्हॉल्व्हर आणि त्याची मूठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत ज्यांना नुकताच स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळाला आहे किंवा ज्यांचा अर्ज अजून चौकशीत आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. आडतीची रोकड रोज बँकेत पोचवणारे व्यापारी, सराफ, गावापासून दूर मळ्यात राहणारी कुटुंबे असे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच शस्त्र विकत घेत असतात. नळीची चमक, कंपनीचे नाव आणि किंमत यांकडे त्यांचे लक्ष आधी जाते आणि मुठीचा विचार सर्वांत शेवटी होतो. छोट्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याची कारणे पुढे ठिकठिकाणी येतील.

परवान्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा?

छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तेथील रहिवाशांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. त्या जिल्ह्याचा ग्रामीण भाग तसेच जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव येथील अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे केले जातात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. शस्त्र नियम २०१६ नुसार शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र जोडावे लागते. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. या अहवालासाठी चौकशीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्याला नेमका कशाचा धोका आहे हे कागदपत्रांसह दाखवता आले पाहिजे. पूर्वी झालेली चोरी, धमकीची तक्रार, रोकड वाहतुकीच्या नोंदी अशा गोष्टींना तेथे वजन असते. परवाना नाकारला गेल्यास कारणे लेखी मागता येतात आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १८ खाली अपील करता येते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, हेही लक्षात ठेवावे. बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये परवान्यांची मोठी फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले. ज्याला खरोखर गरज आहे त्याने या कडकपणाची भीती बाळगू नये. मिरवण्यासाठी हातात आलेल्या शस्त्रांमुळेच खऱ्या गरजवंताचा अर्जही संशयाने पाहिला जातो.

परवाना येण्याआधी दुकानात जाऊन रिव्हॉल्व्हर पाहता येते का?

पाहता येते, विचारपूस करता येते. ताबा मात्र मिळत नाही आणि मिळूही नये. आगाऊ रक्कम देण्याचे टाळावे, कारण परवान्यात शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या पोकळीचा व्यास) आणि काडतुसांची मर्यादा काय लिहून येते यावर पुढची खरेदी अवलंबून असते.

कोणत्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घेता येते?

सर्वसामान्य नागरिकाला बहुतेक वेळा .३२ बोअर, ज्याला बोलण्यात ‘बत्तीस’ म्हणतात, किंवा .२२ बोअर हेच पर्याय असतात. .४५५ किंवा लष्करी ९ मिलिमीटरसारखी सेवेतील काडतुसे ज्यात बसू शकतात ती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. .३२ चे लांब काडतूस १८९६ पासून प्रचारात आहे. त्याचा धक्का सौम्य असतो आणि ते आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखान्यात तयार होते. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात, ती याच कारखान्याची. पहिल्या शस्त्रासाठी मी .३२ चीच शिफारस करतो. .२२ चे काडतूस कडेवर आघात झाल्यावर पेटणारे असते आणि त्यात न पेटण्याचे प्रमाण .३२ पेक्षा अधिक असते.

‘छोटे’ म्हणजे नेमके किती, आणि भारतीय बनावटीत काय मिळते?

दोन ते तीन इंचांची नळी आणि अंगाबरोबर सहज बाळगता येईल असे वजन असलेल्या रिव्हॉल्व्हरला साधारणपणे छोटे म्हटले जाते. कानपूर येथील सरकारी कारखान्यांचे .३२ रिव्हॉल्व्हर अनेक वर्षांपासून सर्वांत परिचित आहे. ते मध्यावर मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून, उघडते, सहा काडतुसे घेते आणि त्याची रचना जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली आहे. २०१४ च्या प्रारंभी आलेले ‘निर्भीक’ हे त्याच कुळातील. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आले आणि महिलांना डोळ्यांसमोर ठेवून त्याची जाहिरात झाली. पश्चिम बंगालमधील इशापूर कारखान्याचे ‘निडर’ .२२ बोअरचे असून अवघे पाव किलोचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची नळी ७६ मिलिमीटर, वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता नळा, बाजूला उघडणारे आहे, त्यामुळे मध्यावर मोडण्याची गरज राहत नाही. ‘प्रबल’ बाजारात आणणारी ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ ही कंपनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन अस्तित्वात आली. उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावानेही .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागली आहेत.

हलके तेवढे चांगले, असा समज पहिल्या खरेदीत फार आढळतो. गोळी तीच, दारू तीच. वजन कमी झाले की तोच धक्का हाताला जास्त जाणवतो. नळी आखूड झाली की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि मागची खाच यांतले अंतर कमी होते आणि नेमातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. दिवसभर कमरेला बाळगायचे असेल तर अर्धा किलो आणि सातशे ग्रॅम यांतला फरक खरा आहे. दुकानाच्या गल्ल्यात किंवा घरच्या तिजोरीत ठेवायचे असेल तर मी जड बनावट घेण्यास सांगेन, कारण ती हातात शांत राहते.

नवीन घ्यावे की वापरलेले? वापरलेल्यात काय तपासावे?

परदेशी बनावटीची शस्त्रे खासगी व्यक्तींसाठी आयात होणे १९८० च्या दशकात जवळपास थांबले, म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरच्या किमती त्यांच्या उपयुक्ततेच्या मानाने फारच चढ्या असतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या मोहात पडू नये. वापरलेले भारतीय रिव्हॉल्व्हर मात्र चांगले मिळू शकते. खासगी परवानाधारकाकडून घेताना विकणाऱ्याने व्यवहाराच्या किमान ४५ दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवणे कायद्याने आवश्यक आहे. ते पत्र आणि त्याची पोच पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तपासणीची सुरुवात रिकामेपणापासून करावी. सिलिंडर उघडून काडतुसाचे प्रत्येक घर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. मग घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा खटका, अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी किंवा त्याच क्षणी सिलिंडर आपल्या जागी घट्ट बसले पाहिजे, आणि ही गोष्ट सहाही घरांसाठी स्वतंत्रपणे पाहावी. एखाद्या घरावर सिलिंडर अर्धवट थांबत असेल तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी तिरपी आदळून शिशाचे तुकडे बाजूला उडू शकतात. मध्यावर मोडणाऱ्या बनावटीत वरची कडी किती घट्ट बसते हे महत्त्वाचे आहे; बंद केल्यावर नळी वरखाली हलत असेल तर ते रिव्हॉल्व्हर सोडून द्यावे. नळीतून उजेडाकडे पाहताना आत कुठे गोल काळसर कडे दिसले तर तेथे नळी फुगलेली असण्याची शक्यता असते. शेवटी अनुक्रमांक परवान्यावरील नोंदीशी अंकन् अंक जुळवावा. खोडलेला किंवा घासलेला क्रमांक असलेले शस्त्र बाळगणे हाच गुन्हा आहे.

दुकानात मूठ हाताला बसते की नाही हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा. बीडकडचा ऊसतोड कामगार नवा कोयता घेताना पात्याची धार नंतर पाहतो, आधी मूठ पंजात धरून मनगट फिरवून बघतो. रिव्हॉल्व्हरही तसेच निवडावे.

रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री केल्यावर, दुकानदाराला सांगून, सुरक्षित दिशेला नळी करून ते हातात घ्यावे. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या मागच्या बाजूला जितके वर जाऊ शकेल तितके वर बसावे, पण घोडा मागे येताना कातडी चिमटली जाता कामा नये. नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत आले पाहिजेत. मूठ जाड असेल तर चापापर्यंत बोट पोचवण्यासाठी माणूस नकळत पंजा फिरवतो आणि ही रेषा मोडते. मग धक्का मनगटाऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. तर्जनीचे पहिले पेर, म्हणजे नखामागचा मऊ भाग, चापावर टेकायला हवा. टोकच पोचत असेल तर मूठ मोठी आहे. दुसरे पेर चापाभोवती वळत असेल तर ती लहान आहे.

आता घोडा न चढवता फक्त चाप ओढून पाहावा. या पद्धतीत चाप घोडा मागे नेण्याचे आणि सोडण्याचे दोन्ही काम करतो, म्हणून तो चांगलाच जड लागतो. घोडा आधी चढवलेला असताना लागणारे बळ याच्या निम्म्याहूनही कमी असते. संकटात माणूस चापच ओढतो, म्हणून परीक्षा याच जड ओढीची करावी. चाप ओढताना माशी जागची सरकते का हे दुकानदाराला समोरून नव्हे, बाजूने पाहायला सांगावे. माशी सरकत असेल तर दोष बऱ्याचदा चापाचा नसून मुठीचा असतो. छोट्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर पुरुषी पंजाची करंगळी सहसा मावत नाही आणि खाली लोंबकळते. ती मुठीच्या बुडाखाली दुमडून घेता येत असेल तर चालते. ती हवेत राहिली तर प्रत्येक गोळीनंतर मूठ हातात फिरते आणि दुसऱ्या गोळीपूर्वी पकड नव्याने करावी लागते.

मूठ बदलणे कायद्याला धरून आहे का?

मुठीच्या दोन बाजूंच्या फळ्या बदलल्याने बोअर, नळीची लांबी, गोळी उडवण्याची यंत्रणा किंवा अनुक्रमांक यांपैकी काहीही बदलत नाही. त्यामुळे ते शस्त्राचे रूपांतर ठरत नाही. नळी आखूड करणे, चापाची यंत्रणा घासणे, सिलिंडर बदलणे या गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. शस्त्रांची दुरुस्ती आणि रूपांतर करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि तो नसलेल्या माणसाकडून असे काम करून घेणे दोघांनाही अडचणीत आणते. म्हणून मूठ शक्यतो परवानाधारक शस्त्र दुकानातच बदलून घ्यावी आणि तिचे बिल परवान्याच्या कागदांबरोबर ठेवावे. मुठीखालच्या चौकटीवर, म्हणजे फळ्या ज्यावर बसतात त्या धातूच्या सांगाड्यावर, कोणता क्रमांक किंवा ठसा असेल तर त्याला कानस, सँडपेपर किंवा रंग लागता कामा नये.

विनापरवाना गावठी कट्ट्याला सुबक मूठ लावून तो ‘व्यवस्थित’ करून घेण्याबद्दलही विचारणा होते. त्याला एकच उत्तर आहे : असे शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद होऊ शकते.

लाकूड, रबर, प्लास्टिक यांत काय चांगले?

मूळ मूठ बहुधा प्लास्टिकची किंवा लाकडाची असते आणि पुष्कळांना तीच पुरते. रबराची मूठ धक्का शोषते, घामाने निसटत नाही आणि करंगळीला जागा देते. तिचे दोन तोटे आहेत. कपड्यांखाली बाळगताना सदऱ्याचे कापड तिला चिकटून वर सरकते आणि शस्त्र उघडे पडते. शिवाय काही रबरी मुठी चौकटीची मागची कडही झाकतात, त्यामुळे चाप काही मिलिमीटरने दूर जातो. लहान पंजाच्या व्यक्तीसाठी, विशेषतः अनेक महिलांसाठी, ही सुधारणा न ठरता अडचण ठरते.

लाकडात शिसव आणि अक्रोड उत्तम. दोन्ही दाट वीणीची आहेत, त्यांवर चौकड्यांच्या बारीक खाचा पाडल्या तर त्या तुटत नाहीत. साग दिसायला छान, पण खाचांच्या टोकांना तो लवकर झिजतो. बाभूळ कणखर असते आणि अवजारांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. पूर्ण वाळलेली नसेल तर मात्र तडकते. लाकडाला जवसाचे तेल अगदी पातळ हाताने, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन, तीन-चार वेळा लावावे. तेल पुसलेले फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते फडके उन्हात पसरून वाळवावे.

हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची मूठ ‘जुन्या साठ्यातील’ म्हणून कोणी देऊ केली तर घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली या वस्तूंचा व्यवहार गुन्हा आहे आणि त्यात सापडलेल्या परवानाधारकाचा शस्त्र परवानाही धोक्यात येतो.

परदेशी कंपनीची मूठ ऑनलाइन मागवावी का?

विलायती मुठी विशिष्ट चौकटीसाठी बनवलेल्या असतात. अमेरिकन छोट्या रिव्हॉल्व्हरची मूठ कानपूरच्या मध्यावर मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर बसत नाही, कारण चौकटीचा बाक, स्क्रूची जागा आणि फळी जाग्यावर धरणारी खुंटी हे सारेच वेगळे असते. जाहिरातीत ‘सर्व .३२ साठी’ असे लिहिलेले असले तरी बोअरचा आणि मुठीचा काही संबंध नसतो. आपल्या नेमक्या बनावटीचे नाव दिलेले नसेल तर मागवू नये.

मग गावातल्या सुताराकडून करून घेता येईल का?

येईल, आणि चांगला कारागीर असेल तर दुकानातल्यापेक्षा सुरेख होईल. अट एवढीच की सुताराकडे रिव्हॉल्व्हर न्यायचे नाही. परवाना आपल्या नावाचा आहे. काही तासांसाठी का होईना, शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा नियमभंग आहे. फक्त जुन्या दोन फळ्या आणि स्क्रू घेऊन जावे. कारागीर जुन्या फळीची आतली बाजू कागदावर उतरवून घेईल, खुंटीचे भोक आणि स्क्रूचे भोक यांतले अंतर मोजून घेईल आणि आतला खळगा तेवढाच खोल करील. बाहेरची जाडी सुरुवातीला जरा जास्तच ठेवायला सांगावी. घरी बसवून, पंजात धरून, जेथे बोचते तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि फळी परत नेऊन तेवढाच भाग घासून घ्यावा. अशा फेऱ्या होतातच.

खर्च करण्यापूर्वी जाडीचा अंदाज घेण्याची एक साधी युक्ती आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटे रुंद तुकडा कापून मूळ मुठीवर चढवावा. पकड सुधारली तर आपल्याला जाड मूठ हवी, बिघडली तर नको, हे तेथेच कळते. चाचणी संपली की ट्यूब काढून टाकावी, कारण तिच्याखाली घाम साचतो.

मूठ घरी बदलायची असल्यास पद्धत काय?

काडतुसे आधी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. टेबलावर जाड सुती कापड अंथरावे, रिव्हॉल्व्हर उघडून सर्व घरे रिकामी असल्याची खात्री करावी आणि घरातील दुसऱ्या कोणी मध्येच हाक मारून उठवले तर परत आल्यावर ही खात्री पुन्हा करावी. स्क्रूड्रायव्हरचे पाते स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने आणि तळापर्यंत बसले पाहिजे. विजेच्या कामाचे उतरत्या धारेचे पाते खाचेच्या कडा ओरबाडते. पाते थोडे घासून समांतर करून घेतले तर हा प्रश्न सुटतो. एका हाताच्या अंगठ्याने फळी दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने स्क्रू सावकाश सैल करावा.

स्क्रू निघाला तरी फळी चिकटून राहिली तर तिच्या कडेत काहीही खुपसू नये, कारण लाकूड तेथेच चिरते. स्क्रू परत तीन-चार आटे आत घालून त्याच्या डोक्यावर अंगठ्याने दाबावे. पलीकडची फळी उचलली जाते. निघालेला स्क्रू लगेच वाटीत टाकावा.

आता चौकटीचा एरवी कधीच न दिसणारा भाग समोर येतो. तेथे बहुतेक वेळा तांबूस गंज, धुळीचा थर आणि जुने घट्ट झालेले तेल आढळते. मऊ कापडाने पुसून, शस्त्रांसाठीच्या पातळ तेलाचा एकच थेंब कापडावर घेऊन फिरवावा. मुठीत घोड्याची मुख्य स्प्रिंगही उघडी दिसते. ती ताणलेली असते. तिला चिमटा, पकड किंवा बोट लावू नये. ती निसटली तर परत बसवणे हे कुशल कारागिराचे काम आहे.

नवी फळी आधी खुंटीवर बसवावी आणि स्क्रू न लावता तिची कड चौकटीला सगळीकडे सारखी टेकते का ते पाहावे. स्क्रूने ओढून फट बुजवण्याचा प्रयत्न केला की लाकूड आज नाही तर उन्हाळ्यात तडकते. स्क्रू बोटांच्या ताकदीने घट्ट, आणि त्यापुढे फार तर किंचितसा. अधिक नको.

बदलल्यानंतर काय तपासावे?

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पूर्ण मागे-पुढे जातो का, चाप सोडल्यावर तो आपोआप पूर्ण पुढे येतो का, आणि सिलिंडर मोकळे उघडते का, हे सर्वप्रथम पाहावे. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या बनावटीत डाव्या फळीचा वरचा भाग जाड झाला तर रिकामी पुंगळी बाहेर पडताना त्याला अडते. ही अडचण दुकानात कळत नाही, गोळीबाराच्या सरावात कळते. डमी काडतुसे घालून ती काढून पाहिल्यास घरीच लक्षात येईल. मुठीच्या बुडाशी गोफाची (दोरी अडकवायची) कडी असेल तर ती मोकळी फिरली पाहिजे. जुने कव्हर नव्या मुठीला बसेलच असे नाही. मुठीवरचा पट्टा ओढून ताणून लावावा लागत असेल तर कव्हर बदलावे. त्यानंतर अधिकृत रेंजवर जाऊन काही गोळ्या उडवल्याशिवाय नव्या मुठीवर विश्वास ठेवू नये. सरावासाठी स्वतःचे शेत ही जागा नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करताना काही काळजी घ्यावी का?

अवश्य. पूजेला ठेवलेले शस्त्र रिकामे असावे आणि काडतुसे पूजेत मांडू नयेत. घरात पाहुणे, मुले, शेजारी येत असतात. हळद-कुंकू ओले करून मुठीवर लावले की ते फळी आणि चौकट यांच्या फटीत उतरते, तेथे ओल धरून ठेवते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत आत गंजाची रेघ तयार होते. मूठ उघडल्यावर फळीच्या आत कुंकवाची वाळलेली पापडी मी अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये पाहिली आहे. कोरडी हळद-कुंकवाची चिमूट खालच्या वस्त्रावर वाहावी, अक्षता आणि फूल शस्त्राशेजारी ठेवावे, आणि पूजा उरकताच शस्त्र कोरड्या कापडाने पुसून कुलपात ठेवावे.

आपल्याकडच्या हवेचा मुठीवर परिणाम होतो का?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते. स्क्रू सैल पडतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि आषाढात स्क्रू एकदा तपासावा. चामड्याच्या कव्हरमध्ये शस्त्र कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते, कमावण्यासाठी वापरलेली द्रव्ये धातूला खातात आणि पितळी काडतुसांवर हिरवट थर चढतो.

रानडुकरे आणि रोही पिकात येतात. त्यांच्यासाठी हे रिव्हॉल्व्हर वापरता येईल का?

नाही. पीक संरक्षणाचा परवाना वेगळा असतो आणि वन्य प्राण्यावर गोळी चालवण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. शिवाय तीन इंची नळीच्या .३२ ने अंधारात जनावर फक्त जखमी होईल.

लग्नात, वरातीत हवेत गोळी चालवली तर?

आनंदाच्या भरात केलेला असा गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवाखाली माणसे असतात.

घरात शस्त्र कसे ठेवावे?

शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या परवानाधारकाकडेच. कपाटावर, उशीखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवणे म्हणजे मुलांच्या किंवा चोराच्या हाती देणे. बाहेर नेताना ते कव्हरमध्ये झाकलेले असावे. सार्वजनिक ठिकाणी काढून दाखवणे नियमाविरुद्ध आहे. परवाना फक्त जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असेल तर हद्दीबाहेर जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कर्ज, नापिकी, घरातले भांडण किंवा आजारपण यांमुळे घरात कोणी खचलेले असेल, मग ती व्यक्ती स्वतः परवानाधारक का असेना, तर शस्त्र त्या काळापुरते पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ताब्याचा परवाना असलेल्या दुकानात जमा करावे आणि पावती घ्यावी. यात कमीपणा काही नाही. मनावरच्या ताणासाठी ‘टेलिमानस’ या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगतात. तेव्हा काय करावे?

आचारसंहितेच्या काळात प्रशासनाच्या आदेशानुसार शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. देण्यापूर्वी ते रिकामे करावे, धातूवर तेलाचा हलका हात फिरवावा, मुठीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि पावतीवर बनावट व अनुक्रमांक नीट लिहिला आहे का ते वाचून मगच निघावे. लाकडी मूठ असेल तर शस्त्र सुती पिशवीत घालून द्यावे, कारण कोठारात शस्त्रे एकमेकांना लागतात आणि चौकड्या घासल्या जातात.

वडिलांच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर मुलाला मिळू शकते का?

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो, आणि शक्य असेल तेथे हाच मार्ग घ्यावा. मुलाचा पंजा वडिलांसारखा असेलच असे नाही, म्हणून मूठ बदलताना निघालेल्या मूळ फळ्या आणि त्यांचा स्क्रू कागदात गुंडाळून, त्यावर शस्त्राचा अनुक्रमांक लिहून, परवान्याच्या फाइलसोबत जपून ठेवावा.